नरेशची ओरिजिनल बॅटरी

रविवार, संध्याकाळ, बोईसर

बॅटरी फुगून कॅमेऱ्यात अडकलीय, अजून निघत नाही. काल दांडी गावात लग्नाचे फोटो काढत होतो, नवरी बापाच्या गळ्यात पडली आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बंद! मी स्वस्तातली मागितलीच कुठे होती? दुकान नरेशचं. शाळेपासूनचा दोस्त. "ओरिजिनल हाय, डोळे झाकून घे," म्हणाला होता. मी खरंच झाकले.

आज जाब विचारला तर हसतो. "सगल्या सारक्याच असतात रे!" मी हललो नाही, तेव्हा स्वतःच्या कॅमेऱ्यातली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही ने. ही खरी हाय."

म्हणजे फरक त्याला माहीत होता. स्वतःसाठी खरी, माझ्यासाठी नकली.

आणि ही खरी मी घालू कुठे? त्याची फुगलेली अजून आतच आहे.