पहिल्या जागेवरची मार्था

इंदिरानगर, नाशिक
दि. १२ फेब्रुवारी २००६

ती. सौ. मोहिनीताईस,
किशोरचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस, तेव्हा आपलं पोस्टच बरं.

छापखाना बंद पडून दोन वर्षं झाली, मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून नेमकं काय करतो आणि शेजारणींनी विचारलं तर तू काय सांगायचं, असं तू लिहिलंस. सांगतो, नीट वाच. जगभरचे लोक कॉम्प्युटरवर प्रश्न टाइप करतात. शोधणारं एक यंत्र आहे, ते लाखो पानांतून त्या प्रश्नाला जुळणारी पानं काढून क्रमाने दाखवतं. लोक वरची दोन-तीनच उघडतात. आपलं पान वर यावं असं ज्यांना वाटतं ते लेख लिहून घेतात, आणि तसे लेख मी लिहितो. अमेरिकेतली एक कंपनी मला विषय पाठवते आणि त्याबरोबर शब्दही. लोक जे शब्द टाइप करतात तेच मथळ्यात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा आणि पुढे दर शंभर शब्दांत दोनदा यायला हवेत, पण वाचणाऱ्याला खुपता कामा नयेत. दुसऱ्या कुणाच्या लेखाशी जुळणारं काही सापडलं तर लेख परत येतो. माझा आजवर एकही परत आलेला नाही. बावीस वर्षं लोकांची प्रुफं तपासली ती काही वाया गेली नाहीत. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. डिक्शनरीवरून शिकलो, आणि त्या डिक्शनरीतही दोन चुका काढून प्रकाशकाला कळवल्या होत्या, हे तुला माहीत आहे.

गेल्या महिन्यात वीस लेख झाले. कुत्र्याचे दात, छपराची गळती, कांदा साठवणे असे विषय असतात. त्यांतला कांद्याचा लेख आज सकाळी पहिल्या जागेवर आला. साऱ्या जगात पहिला, ताई. माझं नाव अर्थात नाही. कंपनीने खाली मार्था नावाच्या बाईचं नाव घातलं आहे आणि ही बाई चाळीस वर्षं बागकाम करते असंही लिहिलं आहे. मला त्याचं काही वाटत नाही. प्रुफं तपासणाऱ्याचं नाव तरी पुस्तकावर कुठे असतं?

तू म्हणशील, पहिला आला म्हणून काय झालं. लाखो पानांतून जे वर येतं ते उगाच येत नाही, पारखलेलं असतं. तुझ्या सुनेला, दिशाला, सांगून ठेव. काही अडलं तर दहा जणांना विचारत बसू नये, देवळ्यातल्या सायबर कॅफेत जाऊन पहिलं पान बघावं.

भावजींना नमस्कार. आजवरचा लोभ आहे तसाच चालू ठेवणे.

तुझा
किशोर


देवळा
दि. ६ मे २००६

चि. किशोर यास,
मोहिनीचे अनेक आशीर्वाद.

शेजारणींना मी सांगून टाकलं की माझा भाऊ अमेरिकेतल्या कुत्र्यांचे दात बघतो. त्यांना पटलं. दोघींनी तू किती घेतोस तेही विचारलं.

कांदे काढून झाले. शेतात आता सगळं दुकानाचंच बी असतं. सासूबाईंच्या हातचं घरचं बी मी फक्त विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत राखलंय, ते तू पाहिलंयस, पण तुला आठवत नसेल. बारीक मानेचा, फिक्या लाल रंगाचा कांदा. दिवाळीपर्यंत ठेवला तरी हलत नाही, सडत नाही. यंदा त्यातले चार पाट्या कांदे निवडून निघाले. दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा जमिनीत लावायचे, मग फुलं येतात आणि उन्हाळ्यात बी मिळतं. आम्ही त्याला उळे म्हणतो. सासूबाई जाताना मला म्हणाल्या होत्या की दागिने वाटले तरी चालतील, उळे मोडू देऊ नको. तेवीस वर्षं मोडलं नाही.

तर आता ऐक. दिशा कॅफेत गेली होती, तिथून तुझा लेख छापून घेऊन आली. खाली मार्था, चाळीस वर्षं बागकाम. मी म्हटलं, अगं हा आपला किशोर. दिशाने मला तो मराठीत समजावून सांगितला. तू लिहिलंयस की पात कापताना कांद्याला मान अजिबात ठेवू नये, डोक्याशी सपाट कापावी, म्हणजे वाळलेल्या मानेत ओल आणि बुरशी धरत नाही. आम्ही आजवर मान ठेवत आलो. बयाबाई, जी माझ्या लग्नाच्या आधीपासून आपल्याकडे कांदा कापते, ती म्हणाली की हाई काही बरं नई शे. मी तिला सांगितलं, हा लेख जगात पहिला आहे. तिने विचारलं, त्या बाईने आपला कांदा कधी येऊन पाहिला होता का. मी आणि दिशा पोट धरून हसलो.

बयाबाई हटून बसली, म्हणून कांदाचाळीतले विकायचे कांदे तिच्या रीतीने कापू दिले. बियाण्याच्या चार पाट्या मात्र मी आणि दिशाने तुझ्या रीतीने कापल्या. सगळ्यांत मोलाचे तेच, तेव्हा त्यांनाच चांगलं ते करावं. रिवाजाप्रमाणे त्या वाफ्यातले अर्धी पाटी कांदे बयाबाईच्या पदरात घातले, ते ती पातीसकट घेऊन गेली.

हे मानेचं तुला कुठून कळलं रे? लहानपणी तुला कांदा आणि लसूण एकच वाटायचा. सवड काढून ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


इंदिरानगर, नाशिक
दि. १५ मे २००६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लिहायला चार दिवस लागले. काम होतं.

बियाण्याच्या चारही पाट्या कापून झाल्या का, की काही कांदे राहिले आहेत, ते कळव. राहिले असतील तर तसेच ठेव, कापू नकोस. कापलेले एकावर एक रचू नकोस. वारा खेळेल अशा जागी पसर, एकच थर कर, आणि दर चौथ्या दिवशी हातात घेऊन बघ. एखादा मऊ लागला तर बाकीच्यांपासून लगेच दूर कर. किती थर, किती दिवसांनी, हे दिशाने तारखेसह वहीत लिहिलं तर बरं.

मानेचं मला कुठून कळलं असं तू विचारलंस. विचार करून लिहिलं आहे. लेख पुन्हा दोनदा वाचला. त्यात भाषेची चूक नाही.

इथे बाकी ठीक. माझ्यावरचा लोभ सैल होऊ नये.

किशोर


देवळा
दि. ४ ऑगस्ट २००६

चि. किशोर यास आशीर्वाद.

राखी सोबत घातली आहे. पोचल्याचं कळव.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. एकच थर केला आणि दर चौथ्या दिवशी हात लावून पाहिला. दिशाने वही ठेवली. जून महिना निघाला. जुलैत पावसाळी हवा झाली आणि कांदे डोक्याकडून मऊ पडू लागले. वरून चांगले दिसायचे, दाबलं की बोट आत जायचं. आत काळं. नागपंचमीपर्यंत तीन पाट्या गेल्या. काल चौथी पाटी उकिरड्यावर टाकून आले. वासाने दिशाला उलटी झाली. चाळीतले बयाबाईने कापलेले कांदे ठणठणीत आहेत, पण ते दुकानाच्या बियाण्याचे.

म्हणजे सासूबाईंचं उळे संपलं. गेल्या सालचं बी सगळं पेरून टाकलं होतं, मागे ठेवलं नव्हतं. एक साल कांदा, पुढल्या साली त्याचं बी, असं फिरतं असतंच, म्हणून ठेवत नाही.

दिशा म्हणत होती, तुझ्या लेखातलं काहीतरी आपल्याला नीट कळलं नसेल. मीही तिला तेच म्हटलं, इंग्रजीतून मराठीत आणताना आपलंच चुकलं असेल. तू डिक्शनरीच्या चुका काढणारा. तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस. जेवण वेळेवर घेत जा.

ताई


इंदिरानगर, नाशिक
दि. १० ऑगस्ट २००६

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

राखी पोचली. बांधून घ्यायला तुझ्यासमोर यायला हवं होतं. आलो नाही.

दिशाने लेख बरोबर समजावला होता, तुमचं काही चुकलं नाही. तो लेख लिहिण्याआधी मी कांदा साठवण्यावरची अकरा पानं वाचली होती. अकराही पानांत होतं की एक इंच मान ठेवावी. बारावं तसंच लिहिलं असतं तर दुसऱ्यांशी जुळतं म्हणून परत आलं असतं, आणि माझा लेख परत येत नाही. म्हणून मी या खुर्चीत बसून विचार केला की वाळलेली मान ओल धरत असेल, तर मान नसलेलीच बरी. वाक्य चांगलं झालं होतं. हातात कांदा घेऊन पाहिला नव्हता. घरात कांदा होता, दहा पावलांवर.

तुझं मेचं पत्र आलं त्या दिवशी मी निफाडच्या एका जुन्या शेतकऱ्याला फोन करून विचारलं. त्याने सांगितलं की मानच कांद्याचं दार लावून घेते, ती कापली की दार उघडं. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. चार दिवस काम नव्हतं. तुला थर आणि दिवस लिहून पाठवले, हे लिहिलं नाही. ती चूक लेखापेक्षा मोठी आहे.

लेख काढून टाका किंवा एक ओळ बदला, असं कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर आलं की लेख पहिल्या जागेवर आहे, पहिल्या जागेवरच्या लेखाला हात लावत नाहीत. लेख त्यांना विकलेला आहे, तेव्हा मला दुसरा इलाज नाही. मी त्यांचं काम सोडलं आहे.

आता एकच करता येतं. त्याच प्रश्नावर दुसरा लेख लिहायचा, खरा, आणि तो मार्थाच्या वर नेऊन बसवायचा. ते मला येतं. पण मजकूर माझा नको. बयाबाईंना विचार की मान किती ठेवायची, ऊन किती दिवस द्यायचं, विळा कसा धरायचा. विचारायला मला तोंड नाही, म्हणून तुला सांगतो.

लोभ किती ठेवायचा ते या वेळी तूच ठरव.

किशोर


देवळा
दि. १२ ऑक्टोबर २००६

किशोर यास,

तुझं पत्र मी दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. मग दोन महिने उत्तर दिलं नाही. राग कांद्याचा नाही. तुला मेमध्ये कळलं होतं आणि आम्ही जूनभर तुझी वही भरत बसलो, त्याचा आहे. एवढं लिहून मोकळी झाले.

शेवटी दिशाने बयाबाईला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, म्हणजे मार्था बाईमाणूस नाहीच का. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, एवढा शिकलेला भाऊ आणि बाई होऊन कांदा कापतो. दुसऱ्या दिवशी ती पदरात काहीतरी घेऊन आली. उन्हाळ्यात नेलेले कांदे तिने पातीनेच वेणीसारखे गुंफून घराच्या आढ्याला टांगले होते. खाऊन तेवीस उरले होते. एकही मऊ नाही. दिशाने मोजले, मीही मोजले. माझ्या हाताने परवा विहिरीजवळ लावले. तिला भाजीला दुसरे दिले, तर म्हणे हे पातळ चवीचे आहेत.

मानेचं माप विचारलं, तर तिने डावा अंगठा पुढे केला. अंगठ्याचं वरचं पेर, तेवढी मान. डावाच का, तर उजव्या हातात विळा असतो. दिशाने पट्टी लावली, अडीच सेंटीमीटर भरलं. तुझ्या अकरा पानांतलं इंचभर ते हेच.

बाकीचं ती सांगणार नाही. म्हणते, ज्याला लिहायचं त्याने येऊन पाटावर बसावं आणि दोन पाट्या कापून दाखवाव्या. दिवाळीत ये, पावसाळी कांदा निघालेला असेल. राखी घेऊन ये, बांधायची राहिलीय.

ताई


इंदिरानगर, नाशिक
दि. १९ एप्रिल २००७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दिशाच्या चिठ्ठीतून कळलं की तेवीसही झाडांना फुलं धरली आणि पावशेर उळे निघालं. थोडं मागे ठेव. सगळं पेरू नकोस. हे मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

दिवाळीत विळ्याने कापलेलं माझं बोट भरून आलं, पण खूण राहिली आहे. त्या दिवशी बयाबाईंनी माझ्या पाटीतले सतरा कांदे बाजूला काढले होते, मान आखूड म्हणून. मी पट्टी मागितली, तर त्यांनी अंगठा दाखवला. पट्टीने मोजल्यावर सतराही आखूडच निघाले.

लेखाचं सांगतो. इंग्रजीत लिहून तो माझ्या स्वतःच्या नव्या पानावर घातला. मथळा तोच, शब्द तेच, दर शंभर शब्दांत दोनदा, कुठे खुपणार नाहीत असे. मजकूर सगळा बयाबाईंचा, दिशाने काढलेल्या फोटोंसह, आणि खाली नाव त्यांचंच घातलं आहे, गावासकट. अंगठ्याचा फोटो सगळ्यांत वर ठेवला. पहिले दोन महिने तो शोधूनही सापडत नव्हता. जानेवारीत चौतिसावा आला, मार्चमध्ये सहावा. त्या अंगठ्यामुळे तिकडच्या दोन शेतकी शिक्षकांनी आपल्या पानांवरून त्याकडे बोट दाखवलं, असं दिसतं, आणि अशी बोटं दाखवली की यंत्र पान वर चढवतं. मी रोज एकदाच बघतो. त्याहून जास्त बघण्यात अर्थ नाही.

मार्था अजून वरच बसली आहे का, असं बयाबाई दर आठवड्याला विचारतात, हे दिशाने लिहिलं होतं. त्यांना सांग, आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाहिलं. पहिल्या जागेवर बयाबाई आहेत, देवळा.

दुसऱ्या जागेवर मी आहे.

किशोर