पंचमापासून वरचा सा

चेन्नई, १० नोव्हेंबर

ती. बाबांना नमस्कार.

आईकडून कळलं ते असं:
१. रविवारी क्लासमध्ये तुम्ही आपल्या धाकटीला, भार्गवीला विचारलंत, "सा ते प पंचम. मग प ते वरचा सा?"
२. ती म्हणाली, "मध्यम."
३. तुम्ही म्हणालात, "जोडी तीच, मग अंतर बदलेल कसं? ताईनं शिकवलं वाटतं! ऊठ." सगळ्यांसमोर तिला पेटीवरून उठवलंत.

तिचं उत्तर बरोबर होतं. पेटीवर मोजून बघा. सा पासून प काळ्या-पांढऱ्या धरून सात पट्ट्यांवर आहे, प पासून वरचा सा पाचवर. सा पासून शुद्ध मध्यमही पाचवरच आहे. खालचा सा वर गेला की पंचमाचा मध्यम होतो. इथे रेकॉर्डिंग स्टुडिओत मी हे रोज कानाने ऐकते.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? भिंगारमध्ये थंडी पडली का?

भार्गवी तेव्हापासून पेटीला हात लावत नाही. मलाही तुम्ही असंच उठवलं होतंत. मी परत बसले नाही.

येत्या रविवारी त्याच मुलांसमोर तिचं बरोबर होतं असं सांगा आणि तिला पेटीवर बसवा. बसवलंत की नाही, ते २० तारखेपर्यंत स्वतः लिहून कळवा. आईला फोन करायला लावू नका.

लीना