कोण म्हणतं, कशावरून?

प्रिय लिझा,

कॉलेजच्या एकाच विभागात समोरासमोर बसणारी बाई पत्र पाठवते म्हणजे नेनिताचं डोकं फिरलं, असं तू म्हणशील. फिरलंच होतं. कधी फिरलं, ते सांगायला बसले आहे.

पुढच्या शिक्षणासाठी मनिलाची शिष्यवृत्ती आपल्या दोघींनाही मिळाली होती. तू गेलीस. मी थोरली, म्हणून इथे आपल्या इलोइलोतच राहिले, नोकरी धरली आणि चार भावंडांना शिकवलं. त्याचं मला काही वाटलं नाही, असं वीस वर्षं जगाला सांगत आले. मग गेल्या जूनमध्ये तू परत आलीस, वर्षाच्या करारावर, माझ्याच विषयाला, आणि भिंतीपलीकडून तुझा वर्ग ऐकू यायला लागला. माझी पद्धत तुला ठाऊक आहे: फळ्यावर आधी व्याख्या, खाली चार वैशिष्ट्यं, पोरं मुकाट उतरवून घेतात. तुझ्याकडे नुसता गलका. कोण म्हणतं? कशावरून? त्यात फायदा कुणाचा? हे तीन प्रश्न घेऊन पोरं जत्रा, लग्नं, निवडणुका, सगळं उलटंपालटं करून बघत होती. एकाने तर तुलाच विचारलं, "मॅडम, मग तुमचं तरी खरं कशावरून?" आणि तू खळखळून हसलीस. मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण मला असं कुणी विचारतच नाही गं.

जळले मी, लिझा. तुझ्या टेबलावर पोरं आंबे आणून ठेवायची, तेव्हाही जळले. पण माझी निंगनिंग तुझ्या वर्गात बसली आणि कहर झाला. तिला पहिल्या वर्षी सगळ्या टिपणवह्या मीच उतरवून दिल्या होत्या. आता जेवताना म्हणायची, "आई, शुक्रवारी मुगाची आमटीच का? कोण म्हणतं?" मी म्हटलं, "तुझी आजी म्हणते, गीळ." तरी पुढे आहेच, "आणि थोरलीनेच पुढचं शिक्षण सोडायचं, हे कशावरून? त्यात फायदा कुणाचा झाला?" जो प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही, तो तू माझ्या पोरीच्या तोंडी घातलास.

मग डीनबाईंकडे ती निनावी तक्रार गेली. तू मुलांना थोरांचा अपमान करायला शिकवतेस, घरं फोडतेस, असं तिच्यात लिहिलं होतं. तुझा पुढचा करार तिथेच अडकला, सोमवारी निकाल. तू हादरशील असं सगळ्यांना वाटलं. तू मात्र डीनबाईंना विचारून त्या कागदाच्या प्रती काढल्यास आणि वर्गात वाटल्यास: चला, तीन प्रश्न विचारा.

काल शुक्रवार होता. निंगनिंगने तो कागद आमटीच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि सावकाश म्हणाली, "आई, वर्गात सगळे म्हणाले, हा कुणी पालक असेल. मी गप्प बसले. पालक तक्रार करताना आधी 'आदर' या शब्दाची व्याख्या देत नाही. आणि खाली आदराची चार वैशिष्ट्यं लिहीत नाही." मी आमटी वाढत राहिले. वाडगा भरून टेबलावर सांडली, तरी वाढत राहिले. तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला, टेबल पुसलं आणि रोजच्यासारखा आशीर्वादासाठी माझा हात कपाळाला लावून झोपायला गेली. ज्या पोरीला तू अपमान करायला शिकवलंस म्हणून मी लिहिलं होतं, ती ही.

ती तक्रार मी लिहिली. वीस वर्षं वर्गात सांगितलं तसंच लिहिलं, आणि त्या सवयीनेच मला पकडलं. तुझ्या वर्गात माझ्या पोरीने जे कमावलं, ते मला कधी देता आलं नाही. म्हणून तुझी नोकरी जावी असं मला वाटलं, मनापासून वाटलं. क्षमा मागत नाही. ती कर, असं म्हणायला मला तोंड नाही. हेच सगळं डीनबाईंना आज सकाळी लिहून दिलं. सोमवारी माझं काय व्हायचं ते होवो, तुझं व्हायला नको. त्यात व्याख्या नाही, वैशिष्ट्यं नाहीत. त्या पहिल्या कागदाखाली नाव नव्हतं. डीनबाईंच्या आणि तुझ्या, या दोन्ही पत्रांखाली आहे.

तुझीच,
नेनिता