दिवाणावरचा मुक्काम

पिपलानी, भोपाळ
फेब्रुवारी १९९४

ती. सौ. सुमित्राताईस,

शशिकलाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, डावा हात अजून पुरता वर जात नाही). भाऊजींचं पोट, सुधाची परीक्षा, तुझे गुडघे, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. इकडे मी जिवंत आहे आणि त्याबद्दल अख्खी टाउनशिप माझं अभिनंदन करते.

जिवंत राहण्याचं झालं असं, की डावा स्तन गेला, केस गेले नि परत आले, आणि मग आमचे हे गेले. लांब नाही, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. म्हणाले, तुझ्या हाताला धक्का नको. हात बराचसा सुधारला तरी दिवाण सुटेना. हे दिवाणावर जाण्याआधी एकदा आम्ही जवळ आलो होतो (ताई, तू मोठी आहेस, पण हे दुसऱ्या कुणाला लिहू?), तेव्हा मी दुखून ओरडले. कॅन्सरच्या गोळ्यांनी आतून सगळं कोरडं पडलेलं. इच्छाही कुठे हरवली ती सापडेना. मला वाटलं, ह्यांना माझी किळस आली.

धीर करून एका खाजगी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माताजी, जान बच गई, अब और क्या चाहिए?" मी शेहेचाळीसची, त्यांचं टक्कल माझ्याहून जुनं. "माताजी" ऐकून उरलीसुरली इच्छाही रिक्षा करून घरी गेली.

मग गेल्या रविवारी दुपारी ह्यांना ताक वाढायला वाकले आणि ब्लाउजमधली मोहरीची पिशवी (दोन्ही बाजूंचा तोल राहावा म्हणून मीच शिवलेली) उसवली. ताटात मोहरी, ताकात मोहरी, फरशीभर मोहरी. मी हसत सुटले, आणि हसता हसता रडू लागले. हे सुपली घेऊन खाली बसले. मोहरी गोळा करत, वर न बघता म्हणाले, "शशी, तू त्या दिवशी ओरडलीस ना, मला वाटलं मीच तुला मारतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घाबरलो म्हणून?"

"मला वाटलं, तुम्हाला किळस येते."

ह्यांच्या हातातली सुपली पडली. मोहरी पुन्हा सगळीकडे.

त्यानंतर दोघं अरेरा कॉलोनीतल्या लेडी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांनाही आत बोलावलं. "तकलीफ़ दोनों की है," म्हणाल्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत, ही जेली लावा, घाई करू नका. हे बुटांकडे बघत "जी मॅडम, जी मॅडम" करत होते. दिवाण रिकामा झाला. आता सगळं उत्तम आहे.

तुझी,
शशी

ता. क. "सगळं उत्तम" हे खोटं आहे. अजून दुखतं. कपडे अजून पाठ फिरवूनच बदलते. परवा ह्यांनी व्रणावर हात ठेवला, मी झटकला, आणि मग मीच तो परत आणून ठेवला. एवढंच झालंय.

ता. क. २. सुधाचा फोन आला होता, तिला रागावू नकोस. दिवाळीपासून तुझ्या छातीत गाठ आहे, आणि "शशीसारखी अर्धी होऊन ह्यांच्यासमोर कशी जाऊ" म्हणून तू डॉक्टरकडे जात नाहीस. म्हणून एवढं सगळं लिहिलं. सोमवारी सकाळी नागपुरात पोचते, तयार राहा. नाही म्हणालीस तर भाऊजींशी मी बोलेन, आणि मला आता कसलीच लाज उरलेली नाही.