चक्री नसलेलं मीटर

प्रिय टिटवे,

बोटीचा वेग मोजायचं मीटर झालं का, झालं का म्हणून फोनवर माझा जीव खाल्लास. झालं बाई एकदाचं. पितळी नळीत बसवलं, डाग दिले, बोटीच्या बुडाला भोक पाडून, आतून वर ओढता येईल असं पक्कं केलं, आणि आत एक थेंब पाणी येत नाही. कौतुक नंतर कर. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच खिदळशील, आणि तू खिदळलीस की माझ्या तोंडून पुढचं निघणार नाही.

या मीटरमध्ये फिरणारं काही म्हणजे काही नाही. तुझी आत्या दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करते म्हटल्यावर घरात विजेवरच्या बाद थर्मामीटरांचा हा ढीग. त्यांच्या टोकात मोहरीएवढा मणी असतो, ताप ओळखणारा. तसले दोन मणी बोटीखाली पाण्यात सोडलेत. एक नुसता पाणी किती गरम, किती गार ते सांगतो. दुसऱ्याला मी थोडी वीज देऊन ऊबदार ठेवते. बोट पळायला लागली की पाणी त्याची ऊब पळवतं, चहावर फुंकर घालतो ना आपण, तसं. मणी जितका गार, तितका वेग जास्त. बोट थांबली की ऊब जागच्या जागी राहते आणि काटा शून्यावर येतो. एवढी साधी गोष्ट, पण ती जमवताना मी धक्क्याच्या कडेने इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला नावाडी मला वेडी समजायला लागला. तू म्हणालीस, कशाला हा खटाटोप, चक्रीचं मीटर दुकानात तयार मिळतं. मिळतं ना. पण ते मला दारात उभं करायचं नाही.

चक्रीत शेवाळ अडकतं. अडकलं की कुणीतरी बोटीखाली जाऊन ते काढायचं, आणि आमच्याकडे ते काम तुझ्या बाबाचं. तुला तो दिवस आठवत नसेल. तू तापाने फणफणली होतीस आणि तुझी कणकण त्यालाही लागली होती. अंग गरम असताना पाण्यात उतरू नकोस म्हणून मी कानीकपाळी ओरडले, पण त्याने मला भित्री भागूबाई म्हणून चिडवलं आणि तळ्याच्या मध्यावर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल पिंपाजवळ भर दुपारी उडी मारली. चक्री साफ झाली की तो खालून बुडावर दोनदा ठोकायचा. म्हणजे, हात दे, वर घे. मी बोटीच्या काठावरून हात खाली सोडून बसले होते. ठोके आलेच नाहीत. माणसं आली, गळ टाकले, जाळी ओढली, पण तळ्याने माझा भाऊ परत दिला नाही. मग बोट शेडमध्ये पडून राहिली, ती तू मोठी होऊन शर्यतीचं खूळ डोक्यात घेईपर्यंत. तेव्हाच मी ठरवलं होतं, पोरीला बोट द्यायची, पण त्या बोटीखाली पुन्हा कुणाला उतरावं लागेल असं काही तिच्यावर ठेवायचं नाही.

आता ऐक. पहिल्यांदा बोट घेऊन गेले तेव्हा वारा छान होता. शीड फुगलेलं, पाणी कडेने सळसळत मागे जात होतं, काटा झक्क चालला होता. लाल पिंपापाशी आले आणि काटा खाली येऊन शून्यावर बसला. बोट पळतेय आणि मीटर म्हणतंय की पाणी हलतच नाही. मी म्हटलं, तार सुटली. पण पिंप मागे पडलं आणि काटा आपसूक वर आला. घरी आणून सगळं उघडलं, एकही तार सैल नव्हती. दुसऱ्या खेपेला तेच. नावाडी म्हणाला की शेवाळ गुंडाळलं असणार. म्हणून पुढच्या वेळी काटा पडल्या पडल्या मी नळी आतूनच वर ओढली आणि भोकाला बूच मारलं. दोन्ही मणी लखलखीत होते, कुणी आत्ताच पुसून ठेवल्यासारखे. माझं पितळ मी कधीही तितकं घासत नाही, तुला माहीत आहे.

त्यानंतर मला पाणी किती गरम ते सांगणाऱ्या मण्याचा आकडा बघायची बुद्धी झाली. नसती झाली तर बरं होतं गं. काटा शून्यावर गेला की तो आकडा चढायला लागतो. अगदी सावकाश, तोंडात थर्मामीटर धरल्यावर चढतो तसा. शंभरच्या जरा वर येऊन थांबतो. टिटवे, तळ्याचं पाणी इतकं गार आहे की हात बधिर होतो. मी उभा जन्म थर्मामीटर दुरुस्त करण्यात घालवला, हा आकडा कशाचा ते मला कुणी शिकवायला नको. कुणीतरी दोन्ही मणी मुठीत धरलेत, आणि त्याच्या अंगात कणकण आहे.

त्याला वाटत असेल अजून तिथे चक्रीच आहे. साफ करतोय बिचारा. मला भीती वाटली नाही असं नाही, पण खरं सांगू, आनंदच जास्त झाला. मी रोज जायला लागले. परवा काटा पडल्यावर मी वेड्यासारखी त्याच्याशी बोलत बसले. आईच्या गुडघ्याचं सांगितलं, माझे केस पांढरे झाल्याचं सांगितलं. मग सांगितलं की टिटवी मोठी झाली, रविवारी शर्यतीत सुकाणूवर ती बसणार आहे. आणि माझ्या पायाखाली, बुडावर, ठोके आले. दोन. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी कान लावून बसले तो आला, आणि मी दोन्ही हात काखेत घालून अंग चोरून बसले. वरच्या माणसाने हात दिला तर तो वर येतो की वरचाच खाली जातो, हे मला कुठे माहीत! थोड्या वेळाने काटा हलला आणि मी रडत धक्क्याला आले.

हे मी पोटातच ठेवणार होते. पण काल फोन ठेवताना तू सहज बोलून गेलीस, मीटर बंद पडलं तर बाबासारखी मीच मारीन उडी. म्हणून आज हे लिहायला बसले. तू ये. बोट तुझीच आहे, शर्यत जिंक, तुझ्या बाबाला ते किती आवडलं असतं. मीटर काढून टाक असं मात्र सांगू नकोस, तेवढं माझ्याच्याने होणार नाही. फक्त मला बोटीत मीटरपाशी बसव. लाल पिंपाजवळ काटा शून्यावर गेला तरी तू समोर बघायचं. खालून ठोके आले तर तुझे दोन्ही हात सुकाणूवर हवेत. त्याने हात मागितलाच, तर त्याची बहीण देईल. मुलगी नाही.

तुझीच,
आत्या