तारा, ससा दवाखान्यात आहे

तारा,

घरात कुणी न्हाई म्हणून घाबरू नको. ससा जनावरांच्या दवाखान्यात आहे. झुरळांच्या औषधाची बाटली डॉक्टरांना पाहायचीय, ती न्यायला मी आल्तो.

आष्टीला जाताना तू त्याच्या पाल्याचं चार वेळा सांगितलं, माझ्या बीपीच्या गोळ्यांचं एकदाही न्हाई. तेच डोक्यात घेऊन सकाळी ओट्याखाली फवारलं. त्याला आधी पिंजऱ्यात घालायचं तू बजावलं होतं, मी घातलं न्हाई. तो ओल्या फरशीवरून गेला आणि पाय चाटत बसला. मी पाहिलं, तारा. पाहूनही पेपर वाचत राह्यलो. अर्ध्या तासानं त्याची लाळ गळायला लागली, अंग थरथरू लागलं. मंग उचलून रिक्षानं पळालो.

डॉक्टरांनी पाय धुऊन सलाईन लावलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काही सांगता येत न्हाई. फवारताना हा कुठं होता?"

"दिसला न्हाई," मी म्हणालो.

तुलाही तेच सांगणार होतो, पण लिहायला बसलो तर जमलं न्हाई. आता जाऊन त्यांनाही खरं सांगतो.

तू आली की जल्दी तिकडंच ये. आधी त्याच्याजवळ बस, माझ्याशी मंग बोल.

नरहर