इंद्रायणीची वजनाची वही

इंद्रायणी,

बेल्ह्याच्या बाजाराला चाललोय, दुपारपर्यंत येतो.

तुझी वही फडताळात ठेवलीय. आत कालचा रिपोर्ट हाय. साखर उतरली, वजनबी पाच किलोनं कमी झालं.

माझे थोरले दादा साखरेच्या दुखण्यानं गेले तवापासनं तू मला दर रविवारी कांद्याच्या काट्यावर उभं केलंस, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली तेबी लिहिलंस. तरी वजन चढलं की म्हणायचीस, चोरून खाताय. राजुरीच्या लग्नात तर भर पंगतीत माझ्या पानातली जिलेबी उचललीस.

तीन महिन्यांमागं ही वही मी गुपचूप जुन्नरच्या नव्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पानं मागंपुढं चाळली नि म्हणाले, "ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली त्या महिन्यापासून वजन आणि साखर चढतेय. जाड माणसाला ही गोळी कधीकधी असं करते. दुसरी देतो."

म्हणजे चोर ती गोळी व्हती, आणि माझा साक्षीदार तू निघालीस.

त्या पंगतीतल्या राजुरीच्या मंडळींना संध्याकाळी जेवायला बोलावलंय. रिपोर्ट तूच मोठ्यानं वाचायचा.

आणि वही टाकू नको. रविवारी काट्यावर मी आपणहून उभा राहतो.

सोपान